बोक्याचं ओलं खाणं

आमच्या बोक्यानं आज वाटी चाटूनपुसून साफ केली. मी बघतच राहिले. पाकिटातले मांजराचे सुके दाणे कुडुमकुडुम खायची त्याला सवय, अन् पाण्याला तोंड लावायचा नाही. मग लघवी अडली. कोपऱ्याकोपऱ्यात बसून कळवळायचा, अन् मी येडी, घाण करतो म्हणून हाकलायची. डॉक्टरनं नळी घालून मोकळा केला. म्हणाले, "आजी, सुकं बंद. ओलंच द्या, त्यातनं पाणी पोटात जाईल. परत अडली तर जिवावर बेतंल."

पाकिटातलं ओलं खाणं तो नुसतं हुंगायचा. मी बोटानं थोडं थोडं चाटवत राहिले.

सून हसली, "आत्या, त्याला पाजता, अन् सोता कुठं पाणी पिता?"

खरंय. तरणेपणी रस्त्याच्या कामावर आम्ही बाया दिवसभर पाणीच पीत नव्हतो. आडोसा नव्हता, जायचं कुठं? लघवीला आग व्हायची, ती सोसली. कुणाला सांगितलं नाही. सवय मात्र राहिली.

आज खाऊन बोका अंगणात गेला. माती उकरली, बसला अन् मनसोक्त मुतला. वर माती लोटून ऐटीत निघून गेला.

मी सुनेला म्हणलं, "तांब्या भरून आण गं. मी पण पिते."