खुंटीवरचा पट्टा

रबर जळल्याचा वास आला, की आजही मला धरणातली लाँच आठवते आणि तिच्या इंजिनावर ओणवे झालेले मिस्त्री. इंजिनाच्या रबरी पट्ट्याच्या मधोमध ते अंगठा दाबत, सोडत आणि मग तोच अंगठा नाकाशी नेत. "घासून राहिला. पुली सरकली."

मी पलीकडच्या गावात शिकवत असे. लाँच हाच आमचा रस्ता. मिस्त्री मूळचे अचलपूरचे. प्रवाशांनी घाई केली, की मान वर न करता म्हणत, "बसा ना बाप्पा! पट्टा तुटला त थंड पान्याचा पंप बंद, पंप बंद त इंजिन जळलं. मंग धरनाच्या मधातून पोहत जासान का?"

"त तूच खांद्यावर नेजो लेका!" भाजीवाली आजी म्हणे. ऐकून तुम्हीही हसला असतात.

इंजिन आणि पाण्याखालच्या पंख्याचा दांडा एका रेषेत आहेत का, हे ते लाँच तरंगत असतानाच पाहत. "जमिनीवर बोट अंग टाकते, वाकते, बाई. तिथची लाइन खोटी. पान्यावरच खरी." दोन्हींच्या जोडाच्या फटीत मापाची पातळ पट्टी फिरवताना त्यांचा श्वास थांबे, खाली पाणी मात्र संथ श्वास घेत राही.

मग ती दुष्काळाची वर्षे आली. कपाशी करपली, धरण काठापासून मागे सरत गेले आणि एका सकाळी लाँच चिखलात टेकली. मिस्त्रींनी दांड्यावर ताण नको म्हणून जोडाचे बोल्ट सैल केले. पट्टा घरी नेऊन खुंटीला टांगला. एकाच जागी मोडू नये म्हणून अधूनमधून तो फिरवत. "झोपला हाय. पानी आलं की उठवू."

लाँचच्या कचेरीतून साहेब आले. तपासणीसाठी लाँच जमिनीवरच जोडून तयार दाखवा, म्हणाले.

"खोटी लाइन मी नाई लावत, सायेब."

त्यानंतर त्यांना कामाचे बोलावणे आले नाही.

माझी बदली अकोल्याला झाली. पुढच्या उन्हाळ्यात मी भेटायला गेले, तेव्हा धरणाच्या भेगाळलेल्या तळावर, लाँचच्या सावलीत कुणी शेळ्या बांधल्या होत्या. मिस्त्रींच्या घरातली खुंटी रिकामी होती. पट्टा कापून त्यांनी खाटेचा मोडका पाय आवळला होता. त्यावर त्यांचा अंगठा नुसताच टेकलेला होता; दाबत नव्हता.

"मिस्त्री, हे काय केलंत? उद्या पाणी आलं तर?"

त्यांनी शांतपणे माझ्याकडे पाहिले.

"कोनतं पानी, बाई?"