विझलेल्या ज्योतीचे दोनशे बारा तास

केसरीनाथ महादू तरे. जन्म १९६१, मृत्यू २०२४, दोन्ही दिघाशीस. आयुष्याची सव्वीस वर्षे भिवंडीच्या निजामपुऱ्यात यंत्रमागावर गेली आणि नोकरीची अखेरची सहा गावाबाहेरच्या कचऱ्याच्या डोंगरावर. त्या डोंगराच्या पोटात कचरा कुजून मिथेन वायू तयार होई. तो नळ्यांनी ओढून एका धुराड्यात जाळला जाई. मिथेन तसाच सुटला, तर कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीस पट ताप देतो. जाळला, तर बहुतेक नुकसान टळते. हे टळलेले नुकसान टनांत मांडून ठेकेदार कंपनी दरसाल अहवाल करी. त्या अहवालाचा पाया म्हणजे केसरीनाथची वही: दर तासाला वायू किती आला, त्यात मिथेन किती आणि धुराड्यातल्या सेन्सरवर ज्योतीचे तापमान किती. ज्योत पाचशे अंशांखाली गेली की तो तास शून्य धरावा, असा नियम होता.

हा नियम त्याला समजावून द्यावा लागला नाही. मागावरचा कापड मोजणारा काटा धागा तुटला तरी फिरतच राहतो. म्हणून मागमालकाचा मेहता, म्हणजे हिशेबनीस, काट्यावर विसंबत नसे. विणून झालेला कापडाचा ताका मेजावर पसरून, भोके आणि डाग वगळून उरेल तेवढेच कापड धरी. वगळलेल्या कापडापायी केसरीनाथने तरुणपणी पुष्कळ शिव्या खाल्ल्या होत्या. काटा फिरला म्हणजे कापड झाले नाही, हे त्याच्या हाडीमासी मुरले होते.

२०२२ च्या ऑगस्टात नळ्यांत पाणी शिरले आणि ज्योत वारंवार विझू लागली. ज्योत विझताच वायू ओढणारा पंखा आपोआप बंद पाडणारी सोय यंत्रात होती. रोजच्या थांबण्याला कंटाळून अभियंता केदार याने ती सोयच बायपास केली. मग एके दिवशी ज्योत विझली ती विझलीच. पेटवणीचा सुटा भाग पुण्याहून येईपर्यंत दोनशे बारा तास पंखा वायू ओढून कच्चाच आकाशात फेकत राहिला. दिघाशीत माणसे नाकाला फडके लावून जेवायला बसत होती. पंखा बंद करा, असे केसरीनाथ तीनदा सांगून आला. कोणी ढुंकून पाहिले नाही.

अहवालाच्या तपासणीच्या आदल्या आठवड्यात मात्र केदारला त्या वहीची आठवण झाली.

“काका, या तासांपुढे ‘सेन्सर नादुरुस्त’ एवढंच लिहा. मग मागच्या महिन्याची सरासरी धरता येते. सहाशेवर टनांचा प्रश्न आहे.”

“सेन्सर धड हाय, साहेब. जाळ इझला व्हता.”

“तुम्ही वर चढून पाहिलंत का?”

“झरोक्यातून बघितला, माझ्या पाळीत दर तासाला. तुम्ही एसीत व्हता.”

“नोकरी करायची आहे ना?”

“करायची हाय म्हनून तर खरा लिवलाय.”

न जळलेला वायू जळला म्हणून दाखवणे ही लबाडी; तिला सरासरी म्हणणे ही दुसरी लबाडी. केदारने तिसरी केली. ‘सदर कामगाराची दृष्टी अधू असून त्याच्या नोंदी विश्वासार्ह नाहीत’ असे सहीनिशी निवेदन त्याने फाइलला जोडले.

बाहेरच्या संस्थेतून तपासणीस आलेल्या आसावरीबाईंनी ते केबिनमध्ये मोठ्याने वाचले. केसरीनाथ दारातच उभा होता. त्याच्या मस्तकाची शीर तडकली.

“ताई, सव्वीस वर्सां तुटलेला धागा ह्याच डोळ्यांनी पकडला, दिव्याच्या उजेडात. ह्यांना धुराड्याएवढा जाळ गेलेला दिसला न्हाय, आन अधू मी?”

“जरा तापट आहेत ते,” केदार हसला.

“तापट हाय. आंधळा न्हाय.”

“सेन्सर चालू होता, याला दुसरा काही आधार आहे?” बाईंनी विचारले.

केसरीनाथने वही त्यांच्यापुढे जवळजवळ आपटली. शेवटच्या रकान्यात, कोणी न मागता, त्याने केबिनच्या बाहेरच्या भिंतीवरच्या तापमापकाचा आकडाही रोज सकाळ-दुपार लिहून घेतला होता. सकाळी भिंतीवर सव्वीस, धुराड्यात सव्वीस. दुपारी भिंतीवर एकतीस, धुराड्यात एकतीस. नऊही दिवस तसेच.

“बिघडलेल्या यंत्राला सकाळ-दुपार कळते काय, ताई?”

बाईंनी संगणकातल्या नोंदी काढल्या, वहीशी ताडून पाहिल्या, मग विजेचा मीटर पाहिला. पंखा पूर्ण वेळ चालला होता. “वायू ओढला, पण जाळला नाही,” त्या केदारला म्हणाल्या. “कचऱ्यातून तो सुटणारच होता, तुम्ही फक्त त्याची वाट बदललीत. वर ही वीज जाळलीत.”

अहवालात ते दोनशे बारा तास शून्य धरले गेले आणि पंख्याने खाल्लेल्या विजेचे उत्सर्जन एकूण बचतीतून वजा झाले. बायपास काढण्यात आला. पुढच्या मार्चमध्ये केसरीनाथचा करार ‘वयोमानामुळे’ संपवण्यात आला. केदार आहे तिथेच राहिला. केसरीनाथने भिवंडीत डोळे तपासून घेतले, दृष्टी निर्दोष असल्याचा दाखला जोडला आणि ते निवेदन लेखी मागे घ्यावे असा कंपनीकडे अर्ज केला. उत्तर आले नाही. दुसऱ्या अर्जाला ‘प्रकरण निकाली’ एवढेच आले. तो गेल्यानंतर मुलगा कुमार याने तिसरा अर्ज दिला. त्याची पोच मिळाली आहे. निवेदन अद्याप फाइलमध्ये आहे.