ताठ ओठ, ढिला कासरा

आमच्या आंजी गावचा पोळा एका वर्षी वेळेआधी फुटला, तो माझ्यामुळे. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि आता ती ऐकायला उरली नाही.

तेव्हा आम्ही मध्यप्रदेशात होतो (गाव जागेवरच होतं, राज्य बदललं). नागपूरच्या एका कचेरीतून मला मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. तिथला साहेब मुद्दाम डिवचतो आणि शांत राहील त्यालाच घेतो, अशी बातमी! म्हणून वर्ध्याहून इंग्रजी वाक्प्रचारांचं पुस्तक आणलं आणि शांत राहण्याची तेवढी पानं घोकायला घेतली.

“कीप युवर शर्ट ऑन. म्हणजे सदरा अंगावर ठेवा, चिडू नका.”

“अगं बाई!” चुलीपाशी बसलेली वहिनी म्हणाली. “साहेब लोक रागावले का सदरे काढतेत काय, भाऊजी?”

“आणि कीप अ स्टिफ अपर लिप. संकटात वरचा ओठ ताठ ठेवा.”

“मंग पुरणपोळी कशी खासान?”

मुलाखतीच्या आदल्या दिवशीच पोळा आला. संध्याकाळी तोरणाखाली बैलांच्या रांगा लागल्या. पाटलांचा मानाचा बैल आधी निघणार, मग पोळा फुटणार. त्याआधी कुणाच्या बैलानं खूर पुढे टाकायचा नाही. आमच्या मोत्याच्या शिंगाचं बेगड निघालं, म्हणून दादा डिंक आणायला निघाला.

“धर बे मधू. घट्ट धरजो!”

तेवढ्यात डफडं कडाडलं आणि मोत्या बिथरला. अशा वेळी शहाण्यानं पाय रोवावेत, ओरडावं. मला वाटलं, हीच परीक्षा! मी ओठ ताठ केला. सगळा जीव ओठात गेला, कासरा सुटला.

मोत्या तोरण शिंगांवर घेऊन पळाला! त्याच्यामागे गावचे सगळे बैल, बैलांमागे मालक, आणि शेवटी पाटलांचा मानाचा बैल, एकटाच, चालत!

“कोनं सोडला बे?” धुळीतून पाटील गरजले.

मी शांत. पुस्तक लिहिणाऱ्यानं पाठ थोपटली असती, इतका शांत!

दादा डिंकाची वाटी घेऊन धावत आला. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं.

“माह्या हातून सुटला, पाटील.”

त्या दिवसापासून दादाचं नाव ‘पोळाफोड्या’ पडलं. दर पोळ्याला तोरणाखाली त्याच्या नावानं झडती, म्हणजे टोमण्याचं गाणं, म्हणतात, सारा गाव हसतो. बैलांना न्हाऊ घालून दादा त्यांना घरीच ओवाळतो. तोरणाखाली जात नाही.

मुलाखतीत साहेबानं डिवचलंच नाही. “पाणी घ्या,” म्हणाला. नोकरी लागली.

आता नागपूरच्या क्वार्टरात मी एकटा असतो. दर पोळ्याआधी दादाचं कार्ड येतं, ‘येजो.’ मी जात नाही. सदरा अंगावर ठेवून, ओठ ताठ ठेवून खानावळीची पोळी खातो. (वहिनीची शंका बरोबर होती. घास उतरत नाही.)

तोरणाखाली उभं राहून, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं एक वाक्य मी दादाचं देणं लागतो: कासरा माझ्या हातात होता. आणि ते मला अजून मराठीतही येत नाही!