भिंतीच्या दोन्ही बाजू

निवृत्त झाल्यावर मी शहराच्या टोकाला, हुडकेश्वरच्या पुढे एका नव्या वसाहतीत घर घेतलं. चारी बाजूंनी उंच भिंत, एकच फाटक, स्वतःची बोअरवेल. वसाहतीचे अध्यक्ष अभिमानानं म्हणायचे, "मॅडम, आपलं तर वेगळंच राज्य आहे." मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेला. त्यांनी मला एका रविवारी नगरराज्यांवर बोलायला लावलं.

मी हौसेनं बोलले. एकच शहर, आणि तेच अख्खं राज्य. कायदे, सैन्य, दैवतं सगळं स्वतःचं, आणि पोटाला भोवतालची शेतं. अथेन्स, स्पार्टा, खूप नंतर व्हेनिस, आजचं सिंगापूर. अथेन्समध्ये बायका, गुलाम आणि बाहेरून आलेली माणसं नगरात राहूनही नागरिक नव्हती, हेही सांगितलं. टाळ्या मात्र पडल्या त्या नगराभोवतीच्या भिंतींच्या वर्णनाला.

मे महिन्यात ठकठक ऐकू यायला लागली. दुपारी दोनच्या सुमाराला, कूलर बंद केला की, माझ्या घरामागच्या, वसाहतीच्या भिंतीतून. तीन ठोके, थांबून पुन्हा तीन. चौकीदाराला विचारलं तर त्यानं मान खाली घातली. "मले बी ऐकू येते मॅडम. पण तिकडं कोणीच नाही राहत."

दुसऱ्या दिवशी डोक्याला दुपट्टा बांधून मी फाटकाबाहेर पडले आणि भिंतीला वळसा घालून मागे गेले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. भिंतीलगत बाभळीखाली एक म्हातारी बसली होती. समोर एक पायवाट सरळ येऊन भिंतीत शिरली होती, जणू भिंतच तिच्यावर येऊन बसली असावी.

"आजी, दुपारी भिंत तुम्ही ठोकता काय?"

तिनं मान हलवली. "मी काहून ठोकू वं? आवाज तुमच्याच इकडून येते. मले वाटलं, कोणीतरी बोलावून राहिलं. म्हणून तर रोज येतो."

तेवढ्यात ठोके पडले. तीन. आमच्या दोघींच्या मधून, विटांच्या आतून. तिनं माझा हात धरला. त्या उन्हातही तिची बोटं गार होती.

ती सांगत गेली. पायवाट तिच्या वस्तीतून विहिरीवर जायची. विहीर आता आमच्या बगिच्याखाली बुजवलेली होती. मुलांच्या घसरगुंडीच्या बाजूला.

मी वसाहतीच्या सभेत मागणी केली की पायवाटेच्या तोंडाशी भिंतीत छोटं दार ठेवू या. ठोक्यांबद्दल बोलले नाही. अध्यक्ष हसले. "मॅडम, भिंत गेली की नगर गेलं, हे तुम्हीच सांगितलं ना?" असं मी म्हटलं नव्हतं. पण सगळ्यांना तेच आठवत होतं.

चिठ्ठ्या टाकून मत घेतलं. दाराच्या बाजूनं दोन चिठ्ठ्या निघाल्या. एक माझी. दुसरी कुणाची, ते कुणीच कबूल केलं नाही. सगळे एकमेकांकडे बघत राहिले आणि मग भराभर घरी गेले. त्या आठवड्यात भिंतीवर काटेरी तार चढली. शेजारीण फाटकाशी भेटली की हसायची, पण थांबत नसे.

पावसाळ्याआधी मी घर विकलं. निघताना म्हातारीला भेटायला मागे गेले. बाभळीखाली कोणी नव्हतं. पायवाटेवर ताजी पावलं होती, अनवाणी, भिंतीकडे जाणारी. परतीची मला दिसली नाहीत.