चांगल्या जंतूंच्या मेथ्या

सासूबाईंना शुगर निघाल्यापासून मी रोज रात्री मेथ्या भिजत घालते आणि सकाळी वाटी त्यांच्या हातात देते. परवा कापूरहोळचे डॉक्टर म्हणाले, गोळ्या चालूच ठेवा, मेथ्याही खा. पोटातले चांगले जंतू त्यांच्यावर पोसले जातात. घरी आल्या आल्या सासूबाईंनी एरंडेलाची बाटली काढली. जंतू म्हटलं की पोट साफ करायचं, एवढंच त्यांना ठाऊक. मी बाटली काढून घेतली आणि सगळं पुन्हा समजावलं.

त्या भिंतीला टेकून म्हणाल्या, "जल्मभर घरादाराला करून घातलं. आता जंतूंनाबी म्याच घालू व्हय?"

करून कोण घालतंय, हा विषय मी काढला नाही. मेथ्या भिजत घालायच्या राहिल्या होत्या.