एका हातानं उघडणारा चाकू

मंगळवार पेठेत धोंडप्पा लोहाराचं दुकान म्हणजे एक तरट, एक ऐरण आणि मागे भाता ओढणारी बायको, दानम्मा. विळे, फाळ तो करायचाच. पण त्याचं नाव होतं घडीच्या चाकूंसाठी. मुठीत मिटणारा, खिशात मावणारा चाकू त्याच्यासारखा सोलापुरात कुणी करत नाही, असं लोक म्हणत. लोक काहीही म्हणतात, पण हे खरं होतं.

त्याच्या चाकूनं एक खून झाला होता. पेठेतल्याच एकानं नेला आणि सख्ख्या भावाच्या पोटात घातला. धोंडप्पाला साक्षीला उभं केलं.

"देताना विचारलं होतंस, काय कापायचंय म्हणून?" वकील म्हणाला.

"व्हय."

"काय म्हणाला?"

"कलिंगड."

कोर्टात कुणीतरी हसलं. धोंडप्पाच्या कानातून ते हसू पुन्हा निघालं नाही. घरी येऊन त्यानं सिद्धरामेश्वराची आण घेतली, की आपल्या हातचं पातं परत माणसाचं रक्त पिणार नाही. आण चांगली होती. पण त्या दिवसापासून त्यानं गिऱ्हाइकाला विचारणंच सोडलं, आणि हा मात्र शुद्ध मूर्खपणा. विचारलं तर खोटंच सांगतात, मग विचारायचं कशाला, असं त्याचं म्हणणं. तो आता माणसाचे हात बघे, आणि माणूस काय मागतो ते बघे.

त्याचबरोबर एक नेमही त्यानं धरला. ज्या चाकूनं खून झाला तो एका हातानं उघडणारा होता, आणि उघडला की खटक्यात पक्का बसणारा. तेव्हापासून हे दोन गुण एका मुठीत घालायचे नाहीत. एका हातानं उघडायचा असेल तर खटका नाही. खटका हवा असेल तर उघडायला दोन हात. राग आलेला माणूस दोन हात जुळवेपर्यंत जरा थांबतो, आणि खटका नसलेला चाकू भोसकायला गेलं तर भोसकणाऱ्याच्याच बोटांवर मिटतो. सगळी पेठ अशा चाकूंवर सुखानं सुपाऱ्या कातरत होती.

त्या वर्षी भाद्रपदात पाऊस हटेना. काळ्या रानात गुडघाभर चिखल. अशात बाजाराच्या दिवशी मंगळवेढ्याकडचा एक धनगर दुकानापुढे येऊन बसला. येडू त्याचं नाव. शहराबाहेर त्याचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, पडला होता. चराईवरून पाटलाच्या गड्याशी त्याची बाचाबाची झाल्याचं दानम्मानं सकाळीच पाणवठ्यावर ऐकलं होतं, आणि नवऱ्याला सांगूनही झालं होतं.

"चाकू पायजे," येडू म्हणाला.

धारेची वस्तू हातात द्यायची नाही, भांडण लागतं. खाली ठेवायची, घेणाऱ्यानं उचलायची. धोंडप्पानं एक चाकू तरटावर ठेवला. विलायती घाटाचा, पात्याला नखानं ओढायची खाच, मुठीत पात्याला दाबून धरणारी नुसती कमान. येडूनं तो उघडला, टोक लाकडाच्या ठोकळ्यावर दाबलं. पातं अर्धं मिटलं.

"ह्यो मिटतोय की."

"दाबू नये त्याला."

"दाबायचा न्हाय तर काय पुजायचा?"

दानम्मा भात्याआडून हसली. धोंडप्पानं दुसरा ठेवला. याच्या पाठीला पोलादी पट्टी. पातं पुरतं उघडलं की पट्टीचा दात पात्याच्या बुडातल्या खाचेत कट्‌कन बसे, आणि वरची कडी ओढल्याशिवाय सुटत नसे. येडूनं जोर लावला. पातं हललं नाही.

"ह्यो मर्द हाय. पर उघडाय दोन हात लागत्यात. माजा एक हात मोकळा नसतुया."

मग तिसरा. पात्याच्या पाठीला अंगठ्यापुरती खुंटी. ती ढकलली की चाकू एका हातानं उघडे. खटका अर्थात नव्हता. येडूनं अंगठ्यानं तो चारपाच वेळा उघडला, मिटला, आणि तिन्ही चाकू ओळीनं मांडून धोंडप्पाच्या तोंडाकडे पाहिलं.

"ह्याची खुंटी त्या खटकेवाल्याला बशीव. मंग माझं काम हुतंय."

धोंडप्पानं तिन्ही चाकू पुढ्यात ओढून घेतले. "कुनी सांगितलं तुला आसं मागाया?"

"सांगतंय कोन? हाताला कळतंय की."

धोंडप्पानं ते हात बघितले. मनगटावर ताजा काळानिळा वळ. नखांच्या कडेला वाळलेलं रक्त.

"इचारा की त्येला," दानम्मा म्हणाली. "तोंड शिवलंय व्हय तुमचं?"

त्यानं विचारलं नाही. नाही म्हणावं, तर हा दुसऱ्या लोहाराकडे जाणार आणि आणखी वाईट हत्यार घेणार. तो म्हणाला, "फुडच्या बाजारला ये."

चाकू त्यानं सुंदर केला. खोटं काम त्याला करताच येत नव्हतं, म्हणून आधी त्यानं खरं केलं. मग बारीक कानस घेऊन पात्याच्या बुडातल्या खाचेची एक कड गोल घासली. सरळ दाबाला दात धरून राहावा, पीळ बसला की सुटावा. भोसकणारा हात पिळतो, एवढं त्यानं कोर्टात डॉक्टरच्या तोंडून ऐकलं होतं. मिटलाच तर याचीच बोटं चिरतील. ती भरून येतात. समोरचा माणूस वाचेल.

"झाल्याल्या कामाला कानस कशापाई?" दानम्मानं विचारलं.

"भाता वढ तू."

येडू आला. ठोकळ्यावर दाबून बघितलं, धरलं. अंगठ्यानं उघडलं, कट्‌. कडी ओढून मिटवलं. पुन्हा कट्‌. "बिरोबा तुजं भलं करू दे," म्हणून तो गेला, आणि धोंडप्पाचं खाणंपिणं गेलं. न्हाव्याकडे, कल्हईवाल्याकडे जाऊन तो उगाच बसे. कुठं मारामारी झाली का, धनगरवाड्याकडचं काही कळलं का. काही कळत नव्हतं. ढग मात्र तसेच गावावर बसून होते. गिरणीचा भोंगा झाला तरी हा दचके.

खंडेनवमीला हत्यारं धुऊन मांडली होती. ऐरणीला झेंडूची माळ, कानशीला हळदकुंकू. त्या दिवशी हत्यार उचलायचं नसतं. येडू आला तो धाकट्या भावाला, बिरप्पाला घेऊन. येडूचा उजवा हात हळदीनं माखलेल्या फडक्यात होता, आणि फडक्याचा आकार हाताचा वाटत नव्हता.

"दोन गेली," येडू म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती. "पावसानं मेंढरांची खुरं सडल्याती. डाव्या हातानं मेंढी दाबून धरायची, उजव्यानं सडकं तासायचं. इतकं दीस ईळ्यानं करत हुतो, मेंढरं लाथाडत्यात, रगत काडत्यात. ह्येनं झ्याक व्हायचं. परवा जरा पीळ दिला आन मिटला. माजीच चूक, जादा दाबला. तेवडा नीट करून दे, अजून निम्मी मेंढरं हायती."

त्यानं चाकू तरटावर ठेवला. दानम्मानं डोळ्याला पदर लावला. आता गप्प बसणं सोपं होतं. येडू पुढं काही विचारणार नव्हता.

पण बिरप्पानं चाकू उचलला, उघडला, बुडाची खाच उन्हात धरली. "दादा म्हनतोय नशीब. मी म्हनतो कानस."

"मीच घासलं," धोंडप्पा म्हणाला.

"का?"

"वाटलं, ह्यो कुनाला तरी मारंल."

येडूला आधी कळलंच नाही. "मी? आरं, मला बोकड कापाय जमत न्हाय. त्योच कापतो," त्यानं भावाकडे मान केली. "इचारायचं तरी हुतंस, बाबा."

धोंडप्पाची नजर त्या फडक्यावरच अडकली.

बिरप्पानं चाकू मिटून तरटावर ठेवला. हळूच, कडीचा आवाजही न करता. "ह्यो दुरुस्त कर. आन आसाच एक मला. एका हातानं उघडनारा, पक्क्या खटक्याचा. ह्या टायमाला कानस न लावता."

हातांकडे बघायची सवय धोंडप्पाला अजून होती. बिरप्पाचे हात स्वच्छ होते, मांडीवर गप्प पडलेले. त्यानं नजर उचलली, आणि इतक्या वर्षांनी विचारलं, "काय कापायचं हाय?"

"ठरीवलं न्हाय आजून," बिरप्पा म्हणाला.

दसरा झाल्यावर धोंडप्पानं दोन्ही चाकू केले. नाही म्हणायला त्याला तोंड उरलं नव्हतं, आणि वाईट खटका आता त्याच्या हातून होणार नव्हता. दानम्मानं भाता ओढला.

मेंढरं पुढं कोकणाच्या वाटेनं गेली, परत आली. तळ जवळ असला की बिरप्पा बाजारच्या दिवशी समोरच्या पायरीवर येऊन बसे. भांडण नाही, शिवी नाही, रामराम मात्र न चुकता. बसल्या बसल्या अंगठ्यानं तो चाकू उघडायचा, कडी ओढून मिटवायचा. आणि धोंडप्पानं ऐरण फिरवून घेतली, पाठ भिंतीला लागेल अशी.