हिल्डाचा सर्वांत मोठा दिवस

जूनमधल्या एका शनिवारी, वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी, हिल्डा अल धैदच्या रस्त्यापासून आत, वाळवंटात मरण पावली. वय छत्तीस. मूळ गाव वसई, मुक्काम आखातातलं अल कुसैस, नोकरी तिथून जवळच्या देरा भागातल्या एका हॉटेलच्या रिसेप्शनवर. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी ती सापडली. डॉक्टरांनी कारण उष्माघात लिहिलं. सहा वर्षं आम्ही दोघी एका फ्लॅटमध्ये राहत होतो, म्हणून वसईला फोन मी केला. तिच्या मम्मीने एकच विचारलं, "ती तिथून परत येणार होती ना गं?" हिल्डाला वसईत माती दिली त्याला आता पाच आठवडे झाले. या काळात जे कळलं, ते लिहिते आहे.

गेल्या सप्टेंबरात हिल्डाने एका परदेशी संस्थेचा वर्षभराचा ऑनलाइन अभ्यासक्रम घेतला होता. विषय पेगन परंपरांचा. म्हणजे ख्रिस्ती धर्म पोहोचण्याआधी युरोपात झाडं, झरे आणि सूर्य यांची जी पूजा चालत असे, तिचा. मम्मीला तिने स्पीकरवर सांगितलं, "अभ्यास आहे गं, धर्म बदलत नाहीये." मम्मी म्हणाली, "रविवारची मिस्सा चुकवू नकोस म्हणजे झालं." हिल्डाने चर्चमधली ही प्रार्थना एकदाही चुकवली नाही. अभ्यासक्रमाचा मुख्य भाग असा, की निसर्गातली एक जागा निवडायची, दर आठवड्याला तिथे तासभर फोनशिवाय बसायचं आणि आल्यावर चिंतन लिहायचं. पहिल्या चिंतनात तिने लिहिलं, की वडिलांनी केळीची वाडी बिल्डरला विकली तेव्हा ती चौदा वर्षांची होती. पुढच्या बावीस वर्षांत तिने एकाही झाडाला हात लावला नव्हता. हॉटेलच्या लॉबीतली झाडं प्लास्टिकची आहेत, त्यांची धूळ पुसणं वेगळं. तिने जागा निवडली ती एका घाफच्या झाडाखालची. आपण ज्याला शमी म्हणतो तेच हे झाड. पानं बारीक, सावली विरळ.

तिचं इंग्रजी लेखन मी तपासून देत असे. वर्तमानपत्राच्या डेस्कवर दुसऱ्यांचा मजकूर तपासणं हेच माझं काम आहे. डिसेंबरात तिने लिहिलं, झाड मला ओळखतं. मी 'ओळखतं असं वाटतं' केलं. तिने ते पुन्हा 'ओळखतं' केलं आणि म्हणाली, "तुला प्रत्येक गोष्टीला पुरावा लागतो काय गं?" मी म्हटलं, "लागतो." "मग चल एकदा." फेब्रुवारीत मी गेले. गाडी कडक जमिनीवर उभी करून तिने चपला आत ठेवल्या, फोन ठेवला, पाण्याची बाटलीही ठेवली. वाटेत एका बकरीचा सांगाडा पडला होता, तो नेहमीच्या ओळखीचा असावा तशी ती त्याला वळसा घालून पुढे गेली. पाणी का नाही, असं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "उपासकाळात मम्मी नवस करायची, तेव्हा सूर्य बुडेपर्यंत पाण्याला शिवायची नाही. झाडाला पाणी नाही, मग मी कशी पिऊ?" मी परत आल्यावर अभ्यासक्रमाची माहितीपत्रकं वाचली. त्यांत असं काही नव्हतं. गृहपाठाचा नवस तिने स्वतःच केला होता.

एप्रिलपासून ऊन वाढलं आणि तिचं बसणंही वाढलं. एका तासाचे दोन झाले, मग चार. ती सुट्टीच्या दिवशी दुपारी घरी येई तेव्हा ओठ फुटलेले असत आणि ती न जेवता झोपे. आमच्या इमारतीखाली रशीदभाईंचा बकाला, म्हणजे किराण्याचं दुकान आहे. ते रत्नागिरीकडचे. एकदा त्यांनी तिला थांबवलं.

"काय हो हिल्डाबाई, झाडाशी लग्न लावलंत की काय?"

"झाड निदान टोमणे मारत नाही, रशीदभाई."

ते हसले. मग हसू आवरून म्हणाले, "चेष्टा नाही करत. जूनमध्ये इथे उंटसुद्धा उघड्यावर उभा राहत नाही. खलास करा हे आता."

"जून झाला की खलास," हिल्डा म्हणाली. "इन्शाल्ला."

मेच्या चिंतनात एक वाक्य होतं : आता तहान लागत नाही, बोटं गार पडतात आणि मग फार शांत वाटतं. मी त्यात एक स्वल्पविराम घातला आणि पुढच्या परिच्छेदाकडे गेले. मी ते वाक्य म्हणून वाचलं, बातमी म्हणून वाचलं नाही.

जूनचा पाठ होता, सर्वांत मोठा दिवस सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत आपल्या जागेसोबत घालवायचा. शिकवणाऱ्या बाईंची मेल मी नंतर पाहिली. तुमच्याकडे ऊन जीवघेणं असेल तर पहाटेचा एक तास पुरे, उरलेला दिवस घरात खिडकीपाशी बसा, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं. हिल्डाने उत्तर दिलं होतं, समजलं, आभार. मला तिने सांगितलं, "दहापर्यंत परत येते." शनिवारी पहाटे सव्वाचारला ती निघाली. आठपासून माझी ड्यूटी होती. साडेदहाला मी फोन केला. वाजत राहिला. तिचा फोन गाडीतच असतो हे माहीत होतं, म्हणून साडेअकरापर्यंत थांबले. मग बारापर्यंत. एक वाजता रशीदभाईंना फोन केला. ते म्हणाले, "ऑफिसखाली उभ्या राहा, मी शटर ओढून येतो. यल्ला, लवकर." रस्ता मी एकदाच पाहिला होता. मी चुकीच्या वळणावर गाडी वळवायला सांगितली आणि पंचवीस मिनिटं गेली.

गाडीला कुलूप नव्हतं. आत चपला होत्या, पाण्याच्या बारा भरलेल्या बाटल्या होत्या आणि फोनवर माझे अकरा मिस्ड कॉल. हिल्डा झाडाखाली नव्हती. झाड आणि गाडी यांच्या मधे होती. रशीदभाईंनी आपला रुमाल तिच्या चेहऱ्यावर धरला आणि पोलीस येईपर्यंत तसाच धरून ठेवला. ती गाडीकडे निघाली होती का, हे मी पोलीस अधिकाऱ्यांना विचारलं. वाऱ्याने पावलं पुसली आहेत, सांगता येणार नाही, असं ते म्हणाले. मम्मीला मी हेच कळवलं. ती म्हणाली, "बरं." … त्यानंतर प्रत्येक रविवारी मिस्सेहून आली की ती मला फोन करते आणि तोच प्रश्न विचारते.

गेल्या आठवड्यात हिल्डाची खोली रिकामी करायची होती. लॅपटॉप तिच्या भावाला पाठवण्याआधी मी अभ्यासाचं फोल्डर उघडलं. त्यात जूनचं चिंतन पूर्ण लिहिलेलं आहे. सूर्योदय, दुपार, सूर्यास्त, सगळं भूतकाळात. शेवटच्या ओळींचा मराठीत अर्थ असा : सूर्य बुडाला. झाडाचा निरोप घेतला. आठ वाजता घरी पोहोचले आणि मम्मीला फोन केला. ती फाइल ती निघण्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी सेव्ह झालेली आहे.